निशाणेबाजी आणि शिकार, दोन्हींसाठी एकच कस्टम रायफल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींपैकी ज्यांना रेंजची सवय लागली आणि मग ऑक्टोबरात डोंगरात एल्कच्या मागे जावंसं वाटू लागलं, त्यांच्यासाठी हे पान आहे. मी कोलोरॅडोत राहतो, म्हणून उदाहरणं बहुतेक इथली. सगळं बोलणं बोल्ट-ॲक्शन रायफलबद्दल आहे.

एकच रायफल दोन्ही कामांना खरंच चालते का?

कुठल्या निशाणेबाजीला, त्यावर आहे. पीआरएस (प्रिसिजन रायफल सिरीज) पद्धतीच्या सामन्यांतल्या रायफली वीस-बावीस पौंडांच्या असतात. वजन जितकं जास्त तितकी रायफल कमी हलते, आणि तिथे ती पाठीवर टाकून डोंगर चढायचा नसतो. तसली रायफल एल्कच्या रानात न्यायची म्हणजे पहिल्याच चढावर घरी परतायची तयारी.

पण एनआरएल हंटर नावाची सामन्यांची मालिका आहे, ती नेमकी या दोन कामांच्या मध्ये बसते. निशाण कुठे आहे हे आधी सांगत नाहीत. चार मिनिटांत ते शोधायचं, अंतर मोजायचं, बसायची जागा ठरवायची आणि गोळी झाडायची. हलक्या गटात रायफलीचं वजन १२ पौंडांच्या आत लागतं, जड गटात १६ पौंडांच्या. दोन्हींसाठी एकच रायफल बांधायची असेल, तर 'ओपन लाइट' हा १२ पौंडांचा गट डोळ्यांसमोर ठेवून बांधा. खाली सगळीकडे मी तेच धरून चाललोय.

मी एच-१बी वर आहे. मला रायफल घेता येते का?

नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला संघीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे, पण तिला अपवाद आहेत. सगळ्यांत उपयोगाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू, वैध शिकार परवाना. तो खिशात असताना खरेदी करता येते आणि रायफल जवळ ठेवता येते. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला, ही गोष्ट लोक विसरतात. नूतनीकरणाची तारीख फोनच्या कॅलेंडरात टाकून ठेवा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. राज्याचे नियम यापेक्षा कडक असू शकतात, आणि व्हिसाचा प्रश्न असेल तिथे दुकानदाराचं ऐकून थांबू नका, इमिग्रेशन वकिलाला एकदा विचाराच.

खरेदीच्या वेळी ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात गांजाबद्दल प्रश्न आहे. कोलोरॅडोत गांजा दुकानात मिळतो, पण संघीय कायद्यात त्याला सूट नाही, आणि फॉर्मवर तसं स्पष्ट छापलेलं आहे. खोटं उत्तर हा वेगळा गुन्हा. कोलोरॅडोत १ ऑक्टोबर २०२३ पासून खरेदी आणि ताबा यांत किमान तीन दिवस थांबावं लागतं.

कस्टम रायफलीचे सुटे भाग घरी मागवता येतात का?

बॅरल (नळी), स्टॉक (खांद्याला टेकणारा दस्ता), ट्रिगर, स्कोप (दुर्बीण) हे घरी येतात. ॲक्शनच्या (बोल्ट आणि त्याभोवतीचा सांगाडा) ज्या भागावर सीरियल नंबर असतो, तो रिसीव्हर, कायद्याच्या दृष्टीने तीच बंदूक. तो परवानाधारक दुकानदाराकडे किंवा गनस्मिथकडेच जातो आणि फॉर्म तिथे भरायचा.

मी न्यू जर्सीत राहतो. तिथे याचा उपयोग?

रेंजवर आहे, हरणाच्या शिकारीला नाही. न्यू जर्सीत हरणासाठी सेंटरफायर रायफल (बुडाच्या मध्यावर ठोका बसणाऱ्या काडतुसांची, म्हणजे इथे बोलतोय तसली) चालत नाही. शॉटगन, मझललोडर (नळीच्या तोंडातून भरायची बंदूक) किंवा धनुष्य. शिवाय रायफल विकत घ्यायलाच आधी पोलिसांकडून फायरआर्म्स आयडी कार्ड काढावं लागतं. ओहायोत हरणासाठी रायफल चालते, पण सरळ भिंतीच्या काडतुसांची, ६.५ क्रीडमूरसारखी मानेला निमुळती होणारी काडतुसं तिथे बाद. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद आहे, म्हणजे तांब्याची घ्यावी लागते, आणि त्याचा परिणाम थेट बॅरलच्या निवडीवर होतो (ट्विस्टचा प्रश्न पाहा). एडिसनमध्ये राहून पेनसिल्व्हेनियात शिकारीला जाणारे असाल, तर ज्या राज्यात गोळी सुटणार त्या राज्याचं नियमपुस्तक आधी वाचा, मग ऑर्डर द्या.

कोलोरॅडोत किमान काय लागतं?

मोठ्या जनावरांसाठी .२४ किंवा त्याहून मोठा कॅलिबर, फुलणारी गोळी, हरणाला किमान ७० ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप), एल्क आणि मूसला ८५ ग्रेन, १०० यार्डांवर किमान १,००० फूट-पौंड ऊर्जा. बॅरल किमान १६ इंच. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला हंटर एज्युकेशनचं कार्ड लागतं. अंगावर किमान ५०० चौरस इंच झगझगीत नारिंगी किंवा गुलाबी कपडा, डोक्यावरही. गाडीत रायफल ठेवताना चेंबरमध्ये काडतूस असता कामा नये.

मग कॅलिबर कोणतं घेऊ?

सगळे हाच प्रश्न पहिला विचारतात आणि माझ्या मते हा शेवटी विचारायचा आहे. आधी वजन ठरवा, मग बॅरलची लांबी. हे दोन आकडे पक्के झाले की कॅलिबरचे दोन-तीनच पर्याय उरतात आणि वाद आपोआप मिटतो.

वजनाचा हिशोब कागदावर असा मांडा. ॲक्शन बोल्टसकट २.० पौंड. २२ इंची मध्यम जाडीचं स्टीलचं बॅरल ३.२. स्टॉक खालच्या धातूच्या भागासकट २.६. स्कोप १.६. रिंगा आणि बेस ०.४. ट्रिगर आणि रिकामं मॅगझिन ०.६. बायपॉड (पुढचे घडीचे दोन पाय) ०.९. झाले ११.३ पौंड. बायपॉड काढला की शिकारीला १०.४, म्हणजे साधारण पावणेपाच किलो. पाठीवर न्यायला जडच, पण जमतं. आता याच रायफलीला एक पौंडाचा सप्रेसर (आवाज दाबणारी नळी) लावा: १२.३. हलक्या गटातून बाहेर! म्हणजे सप्रेसर हवा असेल तर बॅरल किंवा स्टॉक आधीच हलका घ्यायला हवा होता, आणि हे रायफल बांधून झाल्यावर कळून उपयोग नाही.

प्रत्येक भाग आला की मोजा. वेगळा काटा आणायची गरज नाही. भारतात जाताना तेवीस किलोची बॅग मोजायला आपल्या प्रत्येक घरात जो हुकाचा काटा असतो, तो चालतो. भाग पिशवीत घालायचा, पिशवी काट्याला टांगायची, पिशवीचं वजन वजा करायचं. कॅटलॉगमधली वजनं बऱ्याचदा सगळ्यांत लहान आवृत्तीची असतात. स्टॉकला गालाची पट्टी आणि खालची रेल लागली की तो पाव-अर्धा पौंड सहज वाढतो.

बॅरल किती लांब घेऊ?

शिकारीला २० इंच सोयीचं वाटतं, झुडपात अडकत नाही, सप्रेसर लावला तरी आटोपशीर राहतं. पण एनआरएल हंटरमध्ये 'पॉवर फॅक्टर' नावाची अट आहे: गोळीचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेग फूट प्रति सेकंदात, किमान ३,८०,०००.

आता ६.५ क्रीडमूरचे हॉर्नडीच्या खोक्यावरचे आकडे घेऊ, जे २४ इंची बॅरलचे आहेत. १४० ग्रेनची ईएलडी मॅच (सामन्याची गोळी), २,७१० फूट: ३,७९,४००. सहाशेने हुकलं. १४३ ग्रेनची ईएलडी-एक्स (शिकारीची गोळी), २,७०० फूट: ३,८६,१००. पास. पण बॅरल २० इंचांचं केलंत, तर दर इंचाला ढोबळ मानाने २५ फूट वेग जातो, म्हणजे २,६००, आणि गुणाकार येतो ३,७१,८००. नापास. १४७ ग्रेनची मॅच गोळी २,६९५ ची २,५९५ वर आली तरी ३,८१,४६५, जेमतेम पास, तेही तुमचं बॅरल जरा संथ निघालं नाही तर. बॅरल-बॅरलमध्ये पन्नास फुटांचा फरक सर्रास पडतो.

म्हणून ६.५ क्रीडमूर असेल तर १४७ ग्रेनला २२ इंच, १४३ ग्रेनला २४ इंच. २० इंचच हवं असेल तर काडतूस मोठं घ्या. कॅलिबरचा प्रश्न शेवटी का, याचं उत्तर या गुणाकारात आहे.

ठीक आहे, आता सांगा कॅलिबर.

६.५ क्रीडमूर (हॉर्नडी, २००७): धक्का कमी, कारखान्याची दर्जेदार काडतुसं सगळीकडे, बॅरल दोन-तीन हजार गोळ्या टिकतं. १०० यार्डांवर कोलोरॅडोच्या किमान ऊर्जेच्या सुमारे दुप्पट. हरणाला उत्तम. एल्कला चालतं, पण मी साडेतीनशे यार्डांपुढे झाडणार नाही, आणि खांद्याच्या जाड हाडात तर अजिबात नाही.

.३०८ विंचेस्टर (१९५२): बॅरल सगळ्यांत जास्त टिकतं, पॉवर फॅक्टरची काळजी नाही, छोट्या बॅरलमध्येही जमतं. वारा मात्र जास्त लागतो आणि धक्का वाढतो.

६.५ पीआरसी: क्रीडमूरपेक्षा वेगवान, म्हणून २० इंची बॅरलमध्येही पॉवर फॅक्टर निघतो. एक मेख आहे. काडतुसाची ठरलेली कमाल लांबी २.९५५ इंच, आणि शॉर्ट ॲक्शनची बरीच मॅगझिनं २.८ च्या आसपासची. लांब मॅगझिन बसेल अशी ॲक्शन आणि स्टॉक आधीच पाहून घ्या.

७ एमएम पीआरसी (२०२२): एल्कसाठी यांतलं सगळ्यांत दमदार. पण लाँग ॲक्शन लागते, धक्का वाढतो आणि बॅरल लवकर संपतं. १०-११ पौंडांच्या रायफलीतून दिवसभर सामना खेळायचा तर संध्याकाळी धक्क्याच्या धास्तीने गोळी झाडतानाच डोळे मिटायला लागतात. वर्षाला दोन सामने आणि चार दिवस शिकार असा बेत असेल तर घ्या. दर शनिवारी रेंजवर जाणार असाल तर नको.

पहिल्यांदाच बांधत असाल तर माझं मत ६.५ क्रीडमूर, २४ इंच, १४३ ग्रेन.

ट्विस्ट म्हणजे काय, आणि किती?

बॅरलच्या आतल्या आट्यांनी गोळी किती इंचांत एक फेरा घेते, तो आकडा. गोळी जितकी लांब, तितका वेगवान फेरा हवा. ६.५ आणि ७ एमएमला १:८, .३०८ ला १:१०. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची तांब्याची गोळी जास्त लांब होते. कॅलिफोर्नियावाल्यांनी १:७.५ बद्दल बॅरल बनवणाऱ्याशी बोलावं, किंवा थोडी हलकी गोळी घ्यावी.

जाड बॅरल, सडपातळ की कार्बन फायबर?

शिकारीत पहिली गोळी महत्त्वाची आणि ती थंड बॅरलमधून जाते. सामन्यात एका टप्प्यावर आठेक गोळ्या भराभर जातात. सडपातळ स्पोर्टर बॅरल पहिल्या तीन गोळ्या एका ठिकाणी घालतं, मग तापून गट सरकायला लागतो. जाड बॅरल सरकत नाही पण खांदा मोडतं. मधली जाडी घ्या. कार्बन गुंडाळलेलं बॅरल वजन वाचवतं आणि दिसायला ऐटबाज असतं, पैसे मात्र जवळपास दुप्पट. वर मांडलेला हिशोब स्टीलमध्ये १२ च्या आत बसत असेल तर कार्बनचे पैसे काडतुसांवर घाला. सप्रेसर कायमचा लावणार असाल तर कार्बन पटतं.

ॲक्शन कोणती?

रेमिंग्टन ७०० (१९६२) च्या मापाची कुठलीही चांगली. कारण रेमिंग्टनवरचं प्रेम नव्हे. बाजारातले बहुतेक स्टॉक, ट्रिगर आणि बेस त्याच मापाला बेतलेले असतात. प्रीफिट बॅरल (त्या ॲक्शनला आधीच बेतून दिलेलं) घेणारी ॲक्शन असेल तर बॅरल संपल्यावर नवं मागवून बदलता येतं, पूर्ण रायफल कुठे पाठवावी लागत नाही. हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यात काडतुसाला मिळणारी जागा) मात्र दर वेळी गेजने तपासायचाच. गेज वापरायची सवय नसेल तर गनस्मिथला पन्नास-शंभर डॉलर द्या. हा भाग अंदाजाने करायचा नाही, चेहऱ्यापासून चार इंचांवर स्फोट होत असतो.

निवडताना हातात जाड हातमोजा घालून बोल्ट उघडून पाहा. बोल्टची मूठ छोटी असेल तर ती थंडीत सटकते.

स्टॉकबद्दल कोणी फारसं सांगत नाही...

खरं आहे, आणि आपल्या लोकांना खरी अडचण इथेच येते. कारखान्यातल्या स्टॉकची लांबी, म्हणजे ट्रिगरपासून मागच्या पॅडपर्यंतचं अंतर, बहुधा साडेतेरा ते पावणेचौदा इंच असते. पाच फूट पाच-सहा इंच उंचीच्या माणसाला ते लांब पडतं. उन्हाळ्यात टी-शर्टवर कसंबसं जमतं; नोव्हेंबरात जाड जॅकेट चढवलं की स्कोप डोळ्यापासून दूर जातो, मान पुढे ताणावी लागते आणि चित्राभोवती काळी कड दिसते. लांबी कमी-जास्त करता येणारा स्टॉक घ्या, आणि स्कोप बसवताना शिकारीचं जॅकेट घालूनच मागेपुढे करा. पालथं झोपून, बसून आणि उभं राहून, तिन्ही तऱ्हांनी.

गालाची पट्टी वरखाली होणारी हवी. शिकारीत कुरकुरेल असा कुठलाही स्क्रू नको. धातूची चेसिस सामन्याला छान, पण पहाटे उणे दहा अंशात ती गालाला लावून पाहा. मी फायबरग्लास किंवा कार्बनच्या स्टॉकच्या बाजूचा आहे.

बॅरल आणि स्टॉक यांच्यामध्ये एक डॉलरची नोट दुमडून पुढून मागे सरकवा. बायपॉडवर भार टाकूनही ती सरकायला हवी. अडकली तर स्टॉक बॅरलला टेकतोय आणि तुमचा नेम जमिनीनुसार बदलणार.

ट्रिगर किती हलका?

सामन्यात लोक एका पौंडाखाली जातात. दोन्हींसाठीच्या रायफलीला दोन ते अडीच पौंड. गारठलेल्या बोटाला एक पौंड कळतच नाही. सेफ्टी असलेलाच घ्या.

स्कोप?

३-१५ किंवा ३-१८ च्या आसपास, फर्स्ट फोकल प्लेन (मॅग्निफिकेशनबरोबर आतल्या रेघाही लहान-मोठ्या होतात असा), मिलमध्ये (कोनाचं माप). १ मिल म्हणजे १०० यार्डांवर ३.६ इंच. खालचं मॅग्निफिकेशन ३ असू द्या, ५ नको. झाडीत पन्नास यार्डांवर एल्क उभा राहिला तर ५ मध्ये नुसते केस दिसतात. फर्स्ट फोकलची एक खोट अशी की खालच्या मॅग्निफिकेशनला रेघा अगदी बारीक होतात, म्हणून मध्यबिंदूला दिवा हवाच. शिकारीच्या गडबडीत आपोआप फिरणार नाही असा लॉकचा टरेट (नेम वर-खाली, डावी-उजवीकडे करायची कळ) घ्या.

सामन्याची गोळी शिकारीला वापरू का?

नको. मॅच गोळी कागदावर आणि लोखंडी पाट्यांवर अचूक लागावी म्हणून बनते. अंगात गेल्यावर ती कशी वागेल याची खात्री नसते. कधी वरवर फुटते, कधी आरपार जाते. उलटं मात्र जरूर करा: शिकारीचीच गोळी घेऊन सामने खेळा. चार पैसे जास्त जातात, पण एकच झिरो (ठरलेल्या अंतरावर जुळवून ठेवलेला स्कोप), एकच तक्ता (कुठल्या अंतराला नेम किती वर घ्यायचा त्याचा), आणि ऑक्टोबरात हातात तीच गोळी जी तुम्ही वर्षभर झाडली. दोन गोळ्या ठेवायच्याच असतील तर दोन्हींच्या झिरोमधला फरक टेपवर लिहून स्टॉकला चिकटवा. डोक्यात ठेवू नका.

सप्रेसर की मझल ब्रेक?

ब्रेक, म्हणजे बॅरलच्या टोकाला बसणारा, वायू बाजूला फेकणारा भाग, धक्का घालवतो आणि शेजाऱ्याचे कान. शिकारीत कानाला संरक्षण नसेल तर ब्रेक लावून एकही गोळी झाडू नका. सप्रेसर कोलोरॅडोत शिकारीलाही चालतो, पण त्याला वेगळा संघीय अर्ज करावा लागतो. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सीत तो बाळगताच येत नाही. आज घेणार नसाल तरी बॅरलच्या टोकाला ५/८-२४ चे आटे पाडून घ्या.

गनस्मिथला काय लिहून द्यायचं?

ज्या गोळीसाठी रायफल बांधताय तिचं नाव आणि काही काडतुसं. मॅगझिन. बॅरलची जाडी, लांबी, ट्विस्ट, आटे. पूर्ण रायफलीचं कमाल वजन, आकड्यात. आणि किती महिन्यांत हवी. 'लवकरच देतो' हे उत्तर घेऊ नका. चांगल्या हातांकडे रांग असते, त्यामुळे ऑक्टोबरची शिकार असेल तर आदल्या हिवाळ्यात ऑर्डर द्या. रायफल सप्टेंबरात आली तर त्या वर्षी जुनीच घेऊन जा.

खर्च किती?

माझ्या पाहण्यात ॲक्शन हजार ते सोळाशे डॉलर, बॅरल चेंबरिंगसकट आठशे ते पंधराशे, स्टॉक सहाशे ते बाराशे, ट्रिगर दोनशे, स्कोप हजार ते अडीच हजार. चार ते सात हजारांत पडतं. टिक्का किंवा बर्गारा यांची तयार रायफल याच्या एक तृतीयांशात येते आणि एक एमओएच्या (कोनाचं माप, १०० यार्डांवर साधारण एक इंच) आसपास गट देते. हरणाचा मर्मभाग आठ-दहा इंचांचा असतो. तीनशे यार्डांवर एक एमओए म्हणजे साधारण तीन इंच. तुमचा नेम रायफलीपेक्षा वाईट असेल, आणि पहिल्या दोन वर्षांत तो असतोच, तर तयार रायफल घेऊन उरलेले पैसे झाडून टाका.

टेक्सासला झिरो केलेली रायफल कोलोरॅडोत चालेल?

१०० यार्डांचा झिरो जवळपास तोच राहतो. पण दहा हजार फुटांवर हवा विरळ असते, गोळी कमी पडते, आणि ह्यूस्टनचा तक्ता वापरलात तर पाचशे यार्डांवर काही इंच वर जाल. तक्ता तिथल्या उंची-तापमानाचा काढा. प्रवासात स्कोपला धक्का बसतो, म्हणून शिकारीच्या आदल्या दिवशी थंड बॅरलमधून एक गोळी झाडून पाहाच.

ही रायफल घेऊन महाराष्ट्रात काही करता येईल?

नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात शिकार बंद आहे, आणि .३०८ सारखे लष्करी बोअर सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. तिथली रायफल-निशाणेबाजी म्हणजे मुख्यतः ऑलिम्पिक पद्धतीची एअर रायफल आणि .२२. त्यात आपली माणसं जागतिक दर्जाची आहेत: कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये विश्वविजेती झाली, कोल्हापूर जिल्ह्याच्याच स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकलं. सुट्टीत गेलात तर क्लबमध्ये जाऊन त्या मुलांचं उभं राहणं पाहा. गुडघ्यावरची बसण्याची पद्धत मी तिथूनच उचलली, डोंगरात ती फार कामाला येते.

भारतात जाताना रेंजची बॅग वापरली तर चालेल ना?

कृपा करून नको. कप्प्यात विसरलेलं एक जिवंत काडतूस मुंबई विमानतळावर सापडलं, तर आर्म्स ॲक्टखाली गुन्हा नोंदवला जातो. विमान तर चुकतंच, वर कोर्टाच्या तारखा. जॅकेटचे खिसे, कॅमेऱ्याची बॅग, मुलांनी खेळायला घेतलेली रिकामी पुंगळीसुद्धा, सगळं तपासा. रेंजची बॅग वेगळी ठेवा आणि ती गॅरेजबाहेर विमानतळाच्या दिशेने नेऊच नका.